तिला नेमकं कशाने खाजतं? लहान मुलांच्या इसबाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बाळाच्या कोरड्या त्वचेवर चारच ओळी लिहिल्या होत्या, पण त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त इसबाचीच होती. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात तेच एक वाक्य, "डॉक्टर, तुम्ही फक्त ट्रिगर सांगा, बाकी सगळं आम्ही सांभाळतो." ट्रिगर म्हणजे ज्या गोष्टीने इसब उसळतं ती गोष्ट. म्हणून या वेळचं सगळं पान इसबालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: डॉक्टर ताई, माझी मुलगी १४ महिन्यांची आहे, आम्ही पुण्यात राहतो. चौथ्या महिन्यात गाल लाल झाले, मग कपाळ, आता कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत पण चट्टे आलेत. कोणी म्हणालं दूध बंद कर, केलं. मग अंडं बंद केलं, मग गहू, शेंगदाण्याचं तर कूटसुद्धा घरात करत नाही आता. शेवटी रक्ताची अॅलर्जी टेस्ट केली, खूप पैसे गेले, त्यात ९ गोष्टी पॉझिटिव्ह आल्या. ती अंगावर पिते म्हणून मी पण दूध, वांगं, टोमॅटो सगळं सोडलंय. तिचं वजन तीन महिने ८ किलोवरच अडकलंय आणि खाज तर आहे तशीच, रात्रीत चार चार वेळा उठते. अजून काय बंद करू?

उत्तर: अगं, आता काहीही बंद करू नकोस. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझीच काळजी वाटली, १४ महिन्यांत तू नीट झोपलेली नाहीस आणि नीट जेवलेलीही नाहीस.

आधी हे इसब म्हणजे काय प्रकार आहे ते समजून घे, म्हणजे पुढचं पटेल. आपली त्वचा म्हणजे एक भिंत आहे, पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये तेलकट थर म्हणजे सिमेंट. ही भिंत घट्ट राहायला फिलाग्रिन नावाचं एक प्रोटीन लागतं, आणि ज्यांच्यात ते बनवणारा जीन कमजोर असतो त्यांना इसब होण्याची शक्यता बरीच वाढते हे २००६ मध्ये कळलं. सगळ्याच मुलांमध्ये हा जीन बिघडलेला असतो असं नाही, पण भिंत कच्ची असणं हे मात्र सगळ्यांमध्ये दिसतं. कच्च्या भिंतीतून आतलं पाणी उडून जातं म्हणून त्वचा कोरडी पडते, आणि बाहेरचं सगळं आत शिरतं, साबण, घाम, लाळ, धूळ, जंतू. मग आत सूज येते, खाज सुटते, बाळ खाजवतं, खाजवल्यावर भिंत अजून फुटते, आणि परत खाज. म्हणजे तू काही चुकीचं खाल्लंस किंवा गरोदरपणात काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.

आता मुद्द्याचं. त्वचा सगळीकडे पेटलेली असताना ट्रिगर शोधायला जाऊ नये. भर पावसात सगळं छप्पर गळत असताना कुठलं कौल फुटलंय ते कळत नाही, तसंच आहे हे. त्या वेळी तिला सगळंच टोचतं, म्हणून प्रत्येक गोष्ट ट्रिगर वाटते, आणि इसब आपलं आपण पण कमीजास्त होत असतं त्यामुळे ज्या आठवड्यात तू गहू बंद केलास त्याच आठवड्यात योगायोगाने बरं वाटलं तर गव्हावर शिक्का बसतो. तर आधी दोन आठवडे फक्त त्वचा शांत करायची. रोज एकदा कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटं अंघोळ, फेस न होणारं साधं बिनवासाचं क्लेन्झर आणि तेही जिथे मळ आहे तिथेच, टॉवेलने घासायचं नाही नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, जाड बिनवासाचं मॉइश्चरायझर चोपडायचं. डॉक्टरांनी सूज कमी करायचं मलम दिलं असेल तर ते चट्ट्यांवर, सांगितलं तितके दिवस. मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा तीनदा, आणि हात आखडता घेऊ नकोस, तिच्या वयाच्या मुलीला आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम लागू शकतं. बहुतेक आया ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात क्रीमने काही फरक पडत नाही. महागडं नकोच, साधं पांढरं पेट्रोलियम जेलीचं मोठं डबडं पण चालतं, फक्त उन्हाळ्यात ते जड होतं, घाम अडकतो, तेव्हा क्रीम घे.

दोन आठवड्यांनी त्वचा निवळली की मग वही काढ. साधी वही. रोज तीनच गोष्टी लिही, रात्री किती वेळा उठली, कुठे लाल झालं, आणि आज रोजच्यापेक्षा वेगळं काय घडलं. एका आईच्या वहीतला तुकडा देते, तिच्या परवानगीने:

"बुध – एकदाच उठला. त्वचा बरी. गुरु – दुपारी लाईट गेली २ तास, खूप घाम, मानेच्या घडीत लाल. शुक्र – बरा. संध्याकाळी ७ ला आजोबांबरोबर फिरून आला, डावा गाल लाल. शनि – सर्दी सुरू, लाळ खूप, हनुवटी सोलली. रवि – फिरून आल्यावर परत डावा गाल."

त्या दीड वर्षाच्या बाळाचा कायम डावाच गाल बिघडायचा आणि घरातले सगळे दुधाला दोष देत होते. दूध काय फक्त डाव्या गालाला जातं का? वहीत तीन आठवडे सलग संध्याकाळी सातची नोंद दिसली तेव्हा आजोबांना विचारलं. ते त्याला रोज एकाच खांद्यावर घ्यायचे आणि थंडी म्हणून त्यांच्या गळ्यात लोकरीचं मफलर असायचं. पुढच्या व्हिजिटला आजोबा स्वतः आले, खांद्यावर धुवून मऊ झालेला जुना सुती पंचा घालून, आणि मला गाल दाखवला. दहा दिवसांत निवळला होता. फिरणं एक दिवसही बंद झालं नाही.

तर ट्रिगर असे असतात, घरगुती, जागेवरचे. कुठे आलंय यावरून अर्धं कळतं. तोंडाभोवती असेल तर लाळ, आंबट फळं, टोमॅटो, ते पोटात गेल्याने नव्हे, कातडीला लागून झोंबतं, जेवायच्या आधी हनुवटीला पेट्रोलियम जेलीचा हात फिरव, बरंच थांबेल. मानेत आणि कोपरात असेल तर घाम. पोटावर आणि कमरेला असेल तर कपड्यांची लेबलं, नाडी, वासाचं फॅब्रिक कंडिशनर, अंघोळीच्या पाण्यात घातलेलं जंतुनाशक. डायपरखाली मात्र इसब सहसा येत नाही कारण तिथे ओल असते, तिथे काही आलं असेल तर दुसरं काहीतरी आहे, दाखवून घे. आणि दात येणं, ताप, सर्दी यात इसब उसळतंच, तेव्हा नवं कारण शोधत बसू नकोस.

वहीबरोबर आठवड्यातून एकदा एक हिशोब पण करता येतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला तयार झालेली सात प्रश्नांची एक पद्धत आहे, गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज, किती रात्री झोपमोड, किती दिवस रक्त, पाणी येणं, भेगा, पापुद्रे, कोरडेपणा. प्रत्येकाला ० ते ४, एकूण २८ पैकी. आकडा खाली येतोय का वर जातोय हे बघ, कारण रात्रभर जागल्यावर आपल्याला सगळं वाईटच दिसतं आणि आकडा खरं सांगतो.

आता खाण्याचं. इसब असलेल्या काही मुलांना अन्नाची अॅलर्जी खरंच असते, विशेषतः इसब लवकर सुरू झालं आणि जोरात असेल तर. पण ती ओळखायची कशी? खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, ओठ डोळे सुजणं, उलट्या, आवाज बसणं, श्वासाला त्रास. असं झालं असेल तर तो पदार्थ घरी परत द्यायचा नाही, आणि श्वासाला त्रास असेल तर लगेच हॉस्पिटल. पण रक्तात आयजीई, म्हणजे अॅलर्जीच्या टेस्टमध्ये मोजतात ते प्रोटीन, पॉझिटिव्ह आली म्हणजे अॅलर्जी आहेच असं नाही, त्याचा अर्थ शरीराने तो पदार्थ ओळखलाय इतकाच, इसबाच्या मुलांमध्ये असे पॉझिटिव्ह ढिगाने येतात. आयजीजी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनची, एकदम बऱ्याच पदार्थांची टेस्ट करून आणली असेल तर ते बाजूलाच ठेव, ते फक्त तो पदार्थ खाण्यात आलाय एवढंच सांगतं.

आणि उगाच बंद करण्यात खरा धोका आहे. एक तर वजन, ते तू बघतेच आहेस. दुसरं, जो पदार्थ बाळ आरामात खात होतं तो महिनोन्महिने बंद ठेवला तर शरीराची सवय मोडते आणि परत दिल्यावर काही मुलांना जोराची अॅलर्जी येते, आधी नव्हती ती. शेंगदाण्याचं तर उलटच निघालं, २०१५ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, त्यात जोराचं इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले आणि नेमाने चालू ठेवले, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. आपल्याकडे घराघरात कूट असतो, ही चांगली गोष्ट आहे. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतो.

म्हणून तू असं कर. तुझं स्वतःचं जेवण आजपासून पूर्ण सुरू. तिचे चारही पदार्थ परत आणायचेत पण एकटीने नको, बरेच दिवस बंद आहेत म्हणून. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना रिपोर्ट आणि वही दोन्ही दाखव, प्रत्येक पदार्थ आधी कसा खायची ते सांग, आणि एकेक करून, त्यांच्या सल्ल्याने, गरज वाटली तर त्यांच्या समोर, सुरू करा. वजनाचं पण त्याच दिवशी बोल.

प्रश्न: मी आजी आहे, चिपळूणजवळ राहते. नातू ६ महिन्यांचा. आमच्याकडे बाळाला तेलाने चोळून, डाळीचं पीठ लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालतात आणि मग ओव्याची धुरी देऊन वेखंड लावतात. मी माझी मुलं अशीच वाढवली. आता याला इसब निघालं तर सूनबाई म्हणते सगळं बंद. खोबरेल तेल पण बंद. मला काही कळत नाही आम्ही काय एवढं चुकीचं करत होतो?

उत्तर: आजी, नमस्कार. तुम्ही चुकीचं काही करत नव्हता, तुमच्या मुलांची त्वचा धट्टीकट्टी होती म्हणून तिने ते सगळं झेललं. या बाळाची कातडी वेगळी आहे, तिला ते झेपत नाहीये. तर आपण यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते बघू.

तेल लावणं ठेवायचं. तुमचा हात ठेवायचाच, फक्त चोळण्याऐवजी फिरवायचा. खोबरेल तेल पण ठेवा, घाण्याचं शुद्ध, वास न घातलेलं. फिलिपिन्समध्ये इसबाच्या मुलांवर ८ आठवडे व्हर्जिन खोबरेल तेल लावून बघितलं, २०१४ साली ते छापून आलं, आणि मिनरल ऑइलपेक्षा खोबरेल जास्त उपयोगी पडलं. हा अभ्यास सौम्य ते मध्यम इसबाचा होता, म्हणून खूप लाल झालेलं असेल तर नुसत्या तेलावर राहू नका, मॉइश्चरायझर लागेलच, दोन्हीही चालेल. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. ऑलिव्ह तेल परदेशातून कोणी आणलं तरी नको, त्याने त्वचेची भिंत कच्ची होते असं दिसलंय.

डाळीचं पीठ सोडायचं. ते खरखरीत असतं, घासलं की आधीच पातळ झालेला थर निघून जातो, शिवाय फुटलेल्या कातडीवर अन्नाचं पीठ रोज चोळलं तर त्याचीच अॅलर्जी बसू शकते. कढत पाणी सोडायचं, हाताचं कोपर बुडवलं की गरमही नाही आणि गारही नाही असं लागलं पाहिजे. धुरी पूर्ण बंद, धूर त्वचेलाही त्रास देतो आणि एवढ्याशा छातीलाही. वेखंड आणि पावडर दोन्ही नको. दुपटी जुन्या साडीची, मऊ, ती तर सर्वात चांगली, बाजारात तसं कापड मिळत नाही.

सूनबाईंना हे पान वाचायला द्या. अंघोळ तुम्ही घाला, तीन मिनिटांच्या आत क्रीम तिने लावावं.

एका वाचकांनी बोअरच्या पाण्याने इसब वाढतं का असं विचारलंय ते इथेच सांगते. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं हे खरं, पण ब्रिटनमध्ये २०११ साली इसबाच्या मुलांच्या घरी पाणी मऊ करायची मशीन बसवून बघितली आणि इसबात फरक पडला नाही. तेव्हा त्या मशीनचे पैसे मॉइश्चरायझरला ठेवा, आणि जड पाण्यात साबण नीट निघत नाही म्हणून कपडे एक पाणी जास्त खळबळा.

प्रश्न: नागपूर. मुलगा ३ वर्षांचा. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं, नेटवर वाचून घाबरलो आणि लावलंच नाही. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, म्हणाला सगळ्यावर चालते, दोन दिवसांत एकदम साफ झालं! पण थांबवलं की परत येतं, असं चार महिने चाललंय. हीच चालू ठेवू का?

उत्तर: नाही. ती ट्यूब आत्ता उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक त्यात क्लोबेटासोल किंवा तसंच काही असेल, सोबत एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक. दोन दिवसांत एकदम साफ होतं त्याचं कारण हेच, त्यात फार तीव्र स्टिरॉइड असतं. म्हणजे ज्याला घाबरून तुम्ही डॉक्टरांचं मलम ठेवून दिलंत त्याच्या कितीतरी पट जोरदार वस्तू चार महिने मुलाच्या अंगाला लागतेय. तुम्हाला रागावत नाहीये, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. अशा बऱ्याच क्रीम २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायलाच नकोत, तरी काउंटरवरून सर्रास मिळतात आणि त्वचेचे डॉक्टर वर्षानुवर्षं याविरुद्ध ओरडतायत.

या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि ट्यूब सोबत न्या, लपवू नका. कातडी पातळ झालीय का, मांडीवर काखेत रेघा आल्यात का, इतके दिवस लावलंय तर अजून काही तपासायला हवं का ते बघतील, आणि ती कशी सोडायची तेही सांगतील, कारण एकदम थांबवल्यावर कधी कधी जोरात उसळतं.

आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाबद्दलची भीती काढून टाका. तोंडासाठी सौम्य, अंगासाठी थोडं वरचं, ठरलेले दिवस, ठरलेल्या जागी, असं लावलं तर ते सुरक्षित आहे. किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ येते ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. भीतीपोटी लोक मुगाएवढं लावतात, सूज अर्धवटच बसते आणि मग महिनाभर लावत राहावं लागतं. परत परत त्याच जागी येत असेल तर निवळल्यावरही त्या जागेवर आठवड्यातून दोन दिवस लावायची पद्धत आहे, आणि दोन वर्षांच्या वर टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमं पण आहेत, त्याबद्दल विचारा.

नागपूरला हिवाळ्यात हवा कोरडी आणि मे महिन्यात भट्टी, दोन्ही इसबाला वाईट. कूलरचा झोत थेट अंगावर नको पण खोली गार हवी, अंगात एकच सुती कपडा, घाम आला की साध्या पाण्याने पुसून परत क्रीम. नखं दर तीन दिवसांनी. खाजेसाठी झोपेचं सिरप आपल्या मनाने देऊ नका, इसबाच्या खाजेवर त्याचा फारसा उपयोग नसतो.

पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू, ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. आणि एकाएकी एकसारख्या आकाराचे छोटे छोटे फोड किंवा टोचून काढल्यासारख्या खोल जखमा आल्या, मूल मलूल झालं, तर रात्र असली तरी थांबू नका, तो नागिणीच्या जातीचा व्हायरस फुटलेल्या कातडीवर पसरलेला असू शकतो, त्याला लगेच औषध लागतं. घरात कोणाच्या ओठावर तापाचा फोड आला असेल तर त्याने बाळाचा पापा घेऊ नये तो याचसाठी.

प्रश्न: इसब बरं झालं पण गालावर पांढरट डाग राहिलेत. सासरचे म्हणतात कॅल्शियम कमी आहे, शेजारचे म्हणतात जंत, आणि मला रात्रंदिवस कोडाची भीती वाटते.

उत्तर: तिन्ही नसावं. आपल्या सावळ्या गव्हाळ रंगात इसब निवळताना रंग काही काळ फिका पडतो, कडा पुसट असतात, वर बारीक कोंडा असतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि काठ स्पष्ट असतो. मॉइश्चरायझर चालू ठेवा, उन्हात टोपी, भरायला काही महिने लागतात. डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणजे तुमची झोप परत येईल.

प्रश्न: प्लेग्रुपमध्ये बाई म्हणाल्या हिला वेगळं बसवतो, बाकीच्यांना होईल. खूप रडले मी. इसब पसरतं का?

उत्तर: नाही, इसब एकाचं दुसऱ्याला होत नाही. हात धरून, एका डब्यातलं खाऊन, एका चादरीवर झोपून, कशानेच नाही. हे तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळीत लिहून घ्या आणि बाईंना शांतपणे द्या, बहुतेक वेळा त्यांना माहीत नसतं एवढंच.

फक्त एक खात्री करा, घरात तुम्हाला, भावंडांना पण रात्री खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीपाशी बारीक पुळ्या आहेत का. असतील तर ती खरूज असू शकते, ती पसरते आणि तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

तसं काही नसेल तर चिठ्ठीबरोबर तिच्या दप्तरात क्रीमची छोटी डबी ठेवा, आणि बाईंना तीन गोष्टी सांगा. वाळूत किंवा रंगात खेळून झालं की हात साध्या पाण्याने धुवून क्रीम. उन्हात खेळल्यावर पंख्याखाली पाच मिनिटं. आणि ती खाजवायला लागली तर "खाजवू नको" म्हणून ओरडू नका, तिच्या हातात काहीतरी द्या, माती, पुस्तक, काहीही, आणि खाजणाऱ्या जागेवर ओला गार रुमाल ठेवा.